भावजींची सीट

माझ्या नवऱ्याची मोटार रेसिंगची टीम होती आणि माझ्या नवऱ्याला मोटार चालवता येत नव्हती. हसा, हसून घ्या. सगळेच हसायचे. वार्ताहर विचारायचे, "सर, तुम्ही स्वतः कधी ट्रॅकवर उतरलात?" तर हे चेहरा गंभीर करून सांगायचे, "मी मालक आहे. उतरायला माणसं ठेवलीत." खरी गोष्ट अशी, की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ह्यांना विचारलं असतं, तर ह्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. नुसतं शेजारी बसले तरी वळण आलं की डोळे मिटायचे आणि खिशातली आल्याची गोळी काढून चघळायला लागायचे.

आणि शिकायची वेळच आली नाही कधी, कारण भावजी होते.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. सासू-सासरे दोघंही गेलेले, घरात मोठं माणूस म्हणजे हेच. आमचा कारखाना स्प्रिंगांचा. गाद्यांमधल्या, सोफ्यांमधल्या स्प्रिंगा. तुम्ही आत्ता ज्याच्यावर आरामात बसलाय ना, त्याच्या पोटातसुद्धा आमचं काही निघेल. तेव्हा एक शेड, एक टेम्पो आणि हे दोघं, एवढाच पसारा होता. टेम्पो भावजी चालवायचे, आणि असा चालवायचे की दुकानात पोचल्यावरही मागच्या स्प्रिंगा नाचतच असायच्या. हे उतरायचे, रुमालाने तोंड पुसायचे आणि दुकानदाराला असं काही बोलण्यात गुंडाळायचे, की नको म्हणणारा माणूससुद्धा माल ठेवून घ्यायचा. ह्यांचं तोंड आणि भावजींचे हातपाय. त्यावर तो कारखाना उभा राहिला.

शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. सुटीच्या दिवशी हौशी लोक तिथे जुन्या गाड्या पळवायचे. भावजी चोरून जायचे. ह्यांना कळलं तेव्हा हे तणतणत निघाले, कान धरून आणतो म्हणाले. परत आले तेव्हा केसांत धूळ, शर्ट बाहेर, आणि डोळे असे चमकताहेत, की मला वाटलं ताप आलाय.

"अगं, पहिला आला! आपला हा! सगळ्यांना मागे टाकून!"

"आणि कान धरायचा होता तो?"

"कान कसला धरणार! हेल्मेटमध्ये होता कान."

झालं. त्या दिवसापासून वेड लागलं ते लागलंच. वाकडा खिळा ठोकून सरळ करणारा माणूस, पण भावाच्या गाडीसाठी ह्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. आणि पडले व्यापारी, हौस केली तीही रीतसर कंपनी काढून. कारखान्याच्या शेजारी वर्कशॉप बांधलं, मेकॅनिक ठेवले, एक मॅनेजर आणला. दारावर पाटी लागली. पाहता पाहता ह्यांना लोक स्प्रिंगवाले म्हणायचे ते टीमवाले म्हणायला लागले. मला मात्र बाजारात अजून स्प्रिंगवालीच म्हणतात, आणि मला ते आवडतं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शर्यतीच्या गाडीतली सीट दुकानातून आणत नाहीत. ती ओततात. रिकाम्या गाडीत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी ठेवतात. ड्रायव्हर पूर्ण पोशाख घालून त्या पिशवीवर बसतो, स्टिअरिंग धरतो, पाय पेडलवर ठेवतो. मग दोन द्रव एकत्र ढवळून त्याच्या पाठीमागे पिशवीत ओततात. फोम फुगतो, गरम होतो, पाठीला, कमरेला, बरगड्यांना घट्ट धरत जातो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. तोवर हलायचं नाही. हललं की सगळं वाया. पण जमलं, तर त्या माणसाच्या पाठीचा हुबेहूब साचा तयार होतो. त्या सीटवर दुसरा कोणी बसूच शकत नाही. बसला तर त्याची कंबर धरते.

भावजींची पहिली सीट आमच्या जुन्या शेडमध्ये ओतली, तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. हे गाडीच्या मागे उभे राहून भावजींचे दोन्ही खांदे दाबून धरत होते.

"हलू नकोस."

"दादा, पाठ भाजतेय रे!"

"भाजू दे. हलू नकोस म्हटलं ना."

"वहिनी, नाक खाजतंय हो. आता काय करू?"

मग मी चमच्याच्या दांड्याने त्यांचं नाक खाजवून दिलं. मेकॅनिक हसून हसून खाली बसले. हे मात्र हसले नाहीत. खांदे सोडले नाहीत. तोंडाने आपलं चालूच, "झालं हं, झालं. थोडं राहिलं. हलू नकोस."

सीट निघाली तेव्हा डाव्या खांद्याशी एक खळगा होता, उजव्यापेक्षा खाली. लहानपणी ह्यांनीच त्यांना गोदामाच्या माळ्यावर तारेचं वेटोळं काढायला चढवलं होतं आणि ते वरून पडले होते. हाड वाकडं जुळलं. अंगात शर्ट असला की कळायचं नाही, पण सीटने बरोबर दाखवलं. ह्यांनी त्या खळग्यात हात फिरवला आणि म्हणाले, "हे राहिलंच की रे तसंच." भावजी म्हणाले, "तुझी सही आहे ती, दादा. असू दे."

पुढची कितीतरी वर्षं बरी गेली. बरी कसली, सोन्यासारखी गेली. भावजींनी लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे, आमच्याच ताटात जेवायचे. माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली. शर्यतीच्या दिवशी हे कानाला हेडफोन लावून भिंतीशी उभे राहायचे, आणि सगळ्या गाड्या एकदम सुटल्या की डोळे गच्च मिटून मला विचारायचे, "गेला का पुढे?" मी म्हणायचे, "उघडा डोळे आणि बघा की! इतक्या लांब मला बघायला आणलंय का?" जिंकले की दोघं घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीच शर्यत पुन्हा पळवायचे. डबे म्हणजे गाड्या, आणि ओट्याची कड म्हणजे वळण. माझं तेल सांडायचं.

मग भावजी हळू व्हायला लागले. एकदम नाही. ह्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं, कारण जिना चढताना ते मध्ये थांबायला लागले होते. शर्यतीत पहिले यायचे ते तिसरे, मग पाचवे. ज्या कंपन्यांची नावं गाडीवर होती, त्यांना नवा चेहरा हवा होता. मॅनेजरने एक नवा ड्रायव्हर शोधून ठेवला होता, चांगला होता, गरीब स्वभावाचा. ह्यांनी ठरवलं, की पुढच्या हंगामात गाडी त्याला द्यायची. निर्णय चुकला असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. धंदा आहे. शिवाय एवढ्या वेगात हळू झालेला माणूस स्वतःच्या जिवाशी खेळतो. काढायलाच हवं होतं.

पण सांगायला नको? ज्याच्या शेजारी टेम्पोत बसून गावभर हिंडलात, त्याला चार शब्द सांगायला नकोत?

"आज सांगतो," असं हे रोज सकाळी म्हणायचे. रोज संध्याकाळी भावजी जेवायला खाली यायचे आणि ह्यांची दातखीळ बसायची. एकदा तर मी टेबलाखालून पायाने ढोसलं. तर हे महाशय भावजींना म्हणाले, "अजून घे ना थोडं. वाळलास." वाळलास! मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाने नको म्हणणाऱ्या दुकानदारांना माल विकला, त्याच्या तोंडून सख्ख्या भावासमोर एक वाक्य फुटेना.

भावजी वर गेले की हे माझ्याकडे वळायचे. "तू सांगतेस का गं? तुझं ऐकतो तो."

"मी नाही. मी टीमची मालकीण नाही. तुमचं काम तुम्ही करा."

"रागावेल."

"रागावू दे की! तुमच्यावर रागवायचा हक्क त्यांचाच आहे."

हे मान हलवायचे आणि झोपायला जायचे. व्यापारात ह्यांची एक पद्धत होती, वाईट बातमी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून पाठवायची आणि चांगली बातमी द्यायला स्वतः जायचं. कारखान्यात ते खपून गेलं. घरात खपत नाही, हे ह्यांना कोणी शिकवलंच नाही.

तिकडे मॅनेजरला वाटलं, मालकांनी सांगितलंच असणार. फोम ओतणारा कारागीर परगावाहून यायचा, त्याला जो दिवस मोकळा होता तो मॅनेजरने ठरवून टाकला. ह्यांना कळलं आदल्या दिवशी. तेव्हा तरी सांगावं? नाही. म्हणाले, "सीट तर ओतून घेऊ. मग शांतपणे सांगतो."

मी कारखान्यात माल पाठवायचं काम बघायचे. त्या दिवशी दुपारी ट्रक भरून घेत होते, तेवढ्यात भावजी फाटकातून आत आले. हातात मोठी कागदी पिशवी. त्यात त्यांचा रेसिंगचा सूट, धुऊन, नीट घडी करून, वर हातमोजे.

"आज काय काढलंत?" मी विचारलं.

"दादाशी बोलायचंय जरा. आहे ना वर्कशॉपमध्ये?"

"थांबा, मी बोलावते त्यांना," म्हणेपर्यंत ते निघालेसुद्धा. मी कामगारांना तसंच टाकून मागे धावले. पण भावजींची ढांग मोठी. मी दारात पोचले तेव्हा ते आत उभे होते.

त्यांच्या गाडीत, त्या प्लास्टिकच्या पिशवीवर, नवा ड्रायव्हर बसला होता. फोम नुकताच ओतला होता. बिचाऱ्याने भावजींना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. उठून उभं राहावंसं वाटलं असेल त्याला, पण उठणार कसा? हलायचं नव्हतं ना. तसाच स्टिअरिंग धरून बसला, आणि बघायला दुसरीकडे जागाच नसल्यासारखा भावजींकडेच बघत राहिला. आणि त्याच्या मागे हे उभे होते. दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून. "झालं हं, झालं, हलू नकोस," असं पुटपुटत होते. नजर वर गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मला वाटलं, भावजी ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी. काहीतरी फोडायला हवं होतं. त्यांनी फक्त ह्यांच्या हातांकडे पाहिलं, कितीतरी वेळ. मग त्या नव्या ड्रायव्हरला म्हणाले, "हलू नकोस. सगळं वाया जाईल."

हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि निघून गेले. ह्यांनी हात सोडून त्यांच्या मागे धावावं की नाही? कारागीर म्हणाला, "साहेब, सोडू नका," आणि ह्यांनी सोडले नाहीत. सीट उत्तम झाली.

त्याच आठवड्यात भावजी दोन बॅगा घेऊन जिना उतरले. मी खाली उभी होते. "वहिनी, येतो," म्हणाले. आले नाहीत.

ह्यांनी काय काय नाही पाठवलं! मॅनेजरला पाठवलं. फुलांचा गुच्छ पाठवला, जणू काही माणूस दवाखान्यात आहे. टीमचा सल्लागार हो, असा निरोप पाठवला. भावजी प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवायचे. स्वतः मात्र हे गेले नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला भावजींनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेही आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. जग जिंकायला निघालेला माणूस लोकांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवायला लागला.

पुढच्या हंगामात टीमने चषक जिंकला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी तडफडले, तोच. हे घरी आले, तो भलामोठा चषक काखेत, आणि जिन्याच्या खालच्या पायरीशी उभे राहून वर बघत राहिले. वर कुलूप होतं. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. ओट्यावर त्या दिवशी कोणी डबे पळवले नाहीत.

त्यानंतर ह्यांचं मन त्यात राहिलं नाही. आवाज सहन होत नाही म्हणाले आणि काही वर्षांनी टीम विकून टाकली. वर्कशॉप, गाड्या, पाटी, सगळं गेलं. एकच वस्तू घरी आणली, भावजींची जुनी सीट. गॅरेजमध्ये भिंतीशी ठेवली. एकदा मी झाडू घ्यायला गेले, तर हे तिच्यात बसायचा प्रयत्न करत होते. एवढं पोट, एवढा देह, कुठला मावतोय? मी झाडू घेऊन परत आले.

आता कारखाना मुलगी बघते. आमच्या घरच्या गाडीचा ड्रायव्हर डोळ्यांनी अधू झाला म्हणून काम सोडून गेला, तर एक दिवस चहा पिता पिता हे म्हणाले, "नवा नको ठेवायला. मीच शिकतो."

"काय शिकता?"

"गाडी."

मी कप खाली ठेवला. "ह्या वयात? आणि कोण शिकवणार?"

हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "आहे एक स्कूल. चांगलं आहे म्हणतात."

शहरात दुसरे शिकवणारे नव्हते का! पण मी मनात म्हटलं, वाकडी वाट का होईना, निघाले तर खरे. माझा जीव त्या दोघांत किती वर्षं टांगलेला होता ते माझं मला ठाऊक. मीपण येते म्हटलं.

स्कूल म्हणजे चढाच्या रस्त्यावर एक शटरची खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात एक खरं स्टिअरिंग टेबलाला ठोकलेलं. भावजी किल्ली घेऊन बाहेर आले. केस पांढरे झालेले, नाकावर चष्मा. आम्हाला बघून थबकले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे बसा." ह्यांना म्हणाले, "तुम्ही इकडून या."

तुम्ही. ह्यांचा चेहरा मी मागून आरशात पाहिला.

"आधी सीट," भावजी म्हणाले. बाकीच्या शिकाऊ लोकांना सांगत असतील त्याच आवाजात. "गाडी सुरू करायच्या आधी सीट आपल्या मापाची करून घ्यायची. पाय पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकला पाहिजे. पाठ टेकली पाहिजे. खांदे सैल सोडा."

हे खटका शोधत राहिले. सापडेना. भावजींनी वाकून खटका ओढला, सीट पुढे घेतली. ह्यांचे खांदे कानाला लागलेले. भावजींचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत आला आणि मध्येच थांबला.

"टेकून बसा," एवढंच म्हणाले.

मग काय सांगू! गाडी बंद पडायची, उडी मारायची, पुन्हा बंद पडायची. कचऱ्याचा डबा कसाबसा वाचला. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, तो भावजी सारखा दाबत होते. अख्ख्या वेळात दोघं क्लच, गिअर आणि आरसा यांपलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना भावजी म्हणाले, "पुढच्या वेळी याच वेळेला."

तो आठवडा हे लहान मुलासारखे वागले. खुर्चीत बसून पायाने क्लच दाबून बघायचे. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मला म्हणाले, "ह्या वेळी बोलतोच बघ."

आम्ही गेलो. गाडी उभी होती. भावजींच्या जागी दुसऱ्याच एक बाई बसल्या होत्या, हातात किल्ली, तोंडभर हसू. "या काका, आजपासून मी शिकवणार तुम्हाला." कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. फोन नाही, निरोप नाही. हे दार उघडून तसेच उभे राहिले. त्यांच्या भावाच्या जागेवर कोणी भलतंच बसलेलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. हे हळूच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं," आणि निमूट आत बसले.

मी मात्र निमूट बसणाऱ्यांतली नाही. घरी आल्या आल्या भावजींना फोन लावला आणि चांगले खडे बोल सुनावले. "सूड घेताय होय म्हाताऱ्या माणसावर? ते आठवडाभर खुर्चीत बसून क्लच दाबताहेत! तोंडावर नाही म्हणायचं होतं! लाज वाटली पाहिजे!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूड नाही हो वहिनी. त्याच्या शेजारी बसलो की माझा पाय ब्रेकवरून निघतच नाही. शिकणाऱ्याला जरा चुकू द्यावं लागतं. सगळ्यांना देतो. ह्याला नाही देता येत. गाडी जरा कडेला गेली की माझा जीव खालीवर होतो. असा तो कधी शिकणार नाही."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगणार होतो. रोज फोन हातात घेतला. नाही जमलं." मग म्हणाले, "वहिनी, दादालाही तेव्हा असंच झालं असेल का हो?"

माझे डोळे भरून आले. कसंबसं म्हटलं, "मला काय विचारता? त्यांना विचारा."

फोन ठेवून ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी मला ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "तू त्याला सांग ना, की हो, अगदी असंच झालं होतं. सांग, की मी..."

"मी नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नाही, आत्ताही नाही."

त्या शिकवणाऱ्या बाई खमक्या निघाल्या. हे परीक्षेत एकदा नापास झाले, रुसले, पुन्हा गेले आणि पास झाले. लायसन्स हातात आल्यावर सकाळी आंघोळ करून गॅरेजमध्ये गेले आणि ती सीट उचलून गाडीत ठेवायला लागले.

"हे कशाला?"

"परत देतो त्याला. त्या निमित्ताने..."

"ठेवा ती खाली. काही न्यायचं नाही. गुच्छ नको, सीट नको. नुसतं तोंड घेऊन चला."

लहान पोरासारखे मुकाट्याने जाऊन सीट परत भिंतीशी ठेवून आले.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. बैलगाडी पुढे गेली असती. मागून लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या घालत होते, आणि एके काळी ज्याच्या गाड्या वाऱ्यासारख्या पळायच्या तो माणूस घाम पुसत, "जा बाबा पुढे, जा," म्हणत होता. एकाही वळणावर ह्यांनी डोळे मिटले नाहीत. स्कूलसमोरच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर, दोन्ही गच्च.

भावजी दारात आले. गाडीत ह्यांना स्टिअरिंगवर बघून जागीच उभे राहिले, मग सावकाश खिडकीशी आले. हे काच खाली करायला गेले आणि वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर, करकर. शेवटी काच खाली आली.

"मी सांगायला हवं होतं," हे म्हणाले. वायपरच्या आवाजात जरा मोठ्यानेच. "मी. स्वतः. तुझ्याजवळ बसून. मला जमलं नाही रे. भ्यालो मी."

भावजींनी आत हात घालून वायपर बंद केले.

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतंस."

मी वाट बघत होते, की आता म्हणतील, जाऊ दे दादा, झालं गेलं. ते म्हणाले नाहीत. खिडकीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिले.

"मी त्या दिवशी सोडायलाच आलो होतो," ते म्हणाले. "सूट धुऊन आणला होता. कळत होतं ना मला, हळू झालोय ते. म्हटलं, दादाला हे सांगणं काही जमायचं नाही. त्याला कशाला जड. आपणच सांगावं."

मला ती पिशवी आठवली. नीट घडी, वर हातमोजे. इतकी वर्षं मी समजत होते, की त्यांनी ती रागाने टाकली.

ह्यांनी मान वळवून भावजींकडे पाहिलं. तेवढ्यात पाय ब्रेकवरून निघाला, आणि गाडी उतारावर मागे सरकायला लागली. मी किंचाळले.

"दादा, ब्रेक! हँडब्रेक ओढ! ओढ!" भावजी खिडकी धरून गाडीबरोबर धावत होते, जणू नुसत्या हातांनी ती थांबवणार होते. ह्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. आणि हे तो दांडा तसाच धरून, मान खाली घालून, रडायला लागले. सोडेचनात.

भावजी धापा टाकत होते. त्यांनी खिडकीतून आत हात घातला आणि ह्यांच्या खांद्यावर ठेवला.

"सोड आता, दादा," ते म्हणाले. "लागलाय तो."